पोटातला गोळा, डब्यातली भाकरी

आहार आणि मन : लेखांक ४

सिन्नरच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली लिलावाला लागली, की भाव पुकारला जाईपर्यंत शेतकऱ्याच्या पोटात गोळा असतो. बारावीच्या निकालादिवशी सकाळपासून पोरीच्या पोटात कालवतं. घरात भांडण झालं, तर घास घशाखाली उतरत नाही. काळजी मनाला आणि गडबड पोटात, हे आपल्या आयांना-आज्यांना कधीच ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात आपण झोपेबद्दल बोललो. आज पोटाकडे येऊ.

आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत, अन्ननलिकेपासून थेट खालपर्यंत, कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं पसरलेलं आहे. अन्न पुढे ढकलणं, पाचकरस सोडणं ही बरीचशी कामं ते मेंदूला न विचारता उरकतं. मेंदूशी त्याचा संबंध राहतो तो मुख्यतः व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूमार्फत. या मज्जातंतूतले बहुतेक धागे खालून वर निरोप नेणारे आहेत. म्हणजे मेंदू पोटाला हुकूम सोडतो त्याहून कितीतरी जास्त वेळा पोटच मेंदूला काहीतरी कळवत असतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून पोट साफ तर मन आनंदी' असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यातला पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं वेगळं तयार करतो. पोटाचा मनावर परिणाम होतो तो इतक्या सरळ रस्त्याने नाही. तो होतो मज्जातंतूंमधून, शरीरातल्या दाहातून, आणि आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंमार्फत.

हे जिवाणू काय खातात? आपल्याला जे पचत नाही ते. धान्याचा कोंडा, कडधान्यांची सालं, भाज्यांचा चोथा मोठ्या आतड्यात पोचला, की ते तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवर जगतात आणि दाह आटोक्यात राहायला मदत होते. चोथाच मिळाला नाही, तर हे जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

सिन्नर हा अवर्षणाचा तालुका. बाजरी, मठ, हुलगे ही इथली जुनी पिकं, कमी पाण्यावर येणारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीनही नाही. मग माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरांच्या डब्यातून भाकरी का गेली? त्यांना चव कळत नाही म्हणून नव्हे. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू पडतं, म्हणून ते थोडं थोडं दळून आणावं लागतं. गरम पाण्यात मळायचं, तळहाताच्या टाचेने रगडायचं, परातीत थापायचं, आणि तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवायचं. भाड्याच्या खोलीत तिघं मिळून राहणाऱ्यांकडे परात नसते, आणि रात्रपाळीहून आल्यावर अंगात त्राणही नसतं. मग वडापाव, बिस्किटाचा पुडा आणि तीन-चार कप चहा. वर जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलते. आतड्यालाही दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, आणि पाळीगणिक ते विस्कटतं. छातीत जळजळ, पोट गच्च, झोप उडालेली, चिडचिड. या तक्रारी एकत्र येतात, आणि पोरगं मात्र फक्त ॲसिडिटीची गोळी घेतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आहार सुधारल्याने मन सुधारतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवडे हे तपासलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. अर्ध्यांना आहारतज्ज्ञाची मदत दिली : भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं वाढवायची, गोड आणि तळलेलं कमी करायचं. उरलेल्यांना नुसती गप्पांची सोबत. आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतवाल्यांपैकी ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होतं, तेव्हा यावरून फार मोठी विधानं करू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. त्यातले बरेचसे लोक औषधं घेतच होते, हेही लक्षात ठेवा. भाकरी ही औषधाची जागा घेत नाही.

ताकाचंही असंच. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता दहा आठवड्यांत वाढली. घरच्या विरजणाचं ताक त्याच जातीचं, आणि त्याला खर्चही येत नाही. आंबील शिजवल्यावर त्यातले जिवाणू मरतात, पण चोथा राहतोच. ती जरूर प्या.

ज्यांच्या घरात रात्रपाळी आहे, त्यांनी एवढं करून पाहा : रात्री मूठभर मठ भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतील. उसळीला वीस मिनिटं लागतात आणि तिला परात लागत नाही. चोथ्याची सवय नसेल तर हळूहळू वाढवा, एकदम खाल्लं तर पोट फुगेल.

आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, आणि मराठीत बोलता येतं.