जे पाहिलंच नाही, ते ठीक आहे असं कसं म्हणायचं? : वीजकेंद्रातलं पाणी आणि अनुपलब्धी

मागच्या वेळी आपण भारतीय दर्शनांतली प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांवर बराच वेळ गेला आणि शेवटची अनुपलब्धी मी घाईत उरकली. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, जमिनीवर घडा नाही, हे कळायला वेगळं प्रमाण कशाला? हा काथ्याकूट आज कुणाच्या कामाचा?’ प्रश्न रास्त आहे. मी स्वतः हा विषय तीस वर्षं घडा आणि जमीन घेऊनच शिकवला, आणि खरं सांगतो, मुलं जांभया द्यायची. आज घड्याऐवजी एक पाईप घेऊ.

मी इंजिनिअर नाही. पण माझा थोरला भाऊ विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात केमिस्ट होता. सुट्टीत त्याच्याकडे गेलो की तो मला लॅब दाखवायला न्यायचा. मी विचारायचो, ‘दादा, कोळसा जाळून वीज करता, त्यात केमिस्टचं काय काम?’ तो म्हणायचा, ‘अरे, कोळसा सगळ्यांना दिसतो. पाण्याकडे कुणी बघत नाही.’

तर आधी पाण्याचं काम समजून घेऊ. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते, मग कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते पाणी परत बॉयलरकडे जातं. तेच पाणी रात्रंदिवस फिरत राहतं. आपल्या घरच्या गिझरमध्ये क्षार साचतात ना, तसेच बॉयलरच्या नळ्यांत साचले तर नळी तापून फुटते. सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, वाफेबरोबर जाऊन टर्बाईनच्या पात्यांवर बसते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो. म्हणून पाणी आधी डीएम प्लांटमधून काढतात, म्हणजे त्यातले क्षार जवळजवळ संपूर्ण काढून टाकतात. नळाच्या पाण्याची विद्युतवाहकता काहीशे मायक्रोसीमेन्स असते. या पाण्याची एकाच्याही बऱ्याच खाली, दशांशात मोजतात. मग ऑक्सिजन काढायचा, थोडा अमोनिया घालून पीएच नऊच्या वर ठेवायचा. झालं, पाणी शुद्ध झालं.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, शुद्ध म्हणजे निरुपद्रवी. पण गरम पाण्यात लोखंडावर एक काळसर थर आपोआप तयार होतो, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. हा थर म्हणजे लोखंडाचं चिलखत. पाणी अगदी शुद्ध असेल, त्यात लोह जवळजवळ नसेल आणि ऑक्सिजनही नसेल, तर ते पाणी हा थरच थोडाथोडा विरघळवतं. पाणी संथ असेल तर विरघळलेलं लोह तिथेच रेंगाळतं आणि प्रकार मंदावतो. पण जिथे पाईप वळतो, जिथे पाणी अरुंद जागेतून सुटून भोवरे करतं, तिथे विरघळलेलं लोह लगेच वाहून जातं. उघडं पडलेलं लोखंड पुन्हा थर बनवतं, तोही जातो. पाईप आतून झिजत राहतो. साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास हे सर्वांत जोरात चालतं. इंग्रजीत याला ‘फ्लो ॲक्सिलरेटेड करोजन’ म्हणतात. आपण प्रवाहाने वाढणारी झीज म्हणू. बाहेरून काही दिसत नाही. रंग शाबूत, वरचं उष्णतारोधक वेष्टण शाबूत.

यावरचे उपायही विचार करायला लावणारे आहेत. पोलादात क्रोमियम थोडंसं जरी असलं, एक-दोन टक्के, तरी ही झीज जवळजवळ थांबते. दुसरा उपाय ऐकून जुने केमिस्ट चक्रावले असतील. जर्मनीतल्या वीजकेंद्रांनी १९७०च्या दशकात अतिशुद्ध पाण्यात मोजून-मापून किंचित ऑक्सिजन घालायला सुरुवात केली. ज्याला जन्मभर शत्रू म्हणून हाकललं, त्यालाच बोलावणं! कारण त्या ऑक्सिजनने लोखंडावर जो लालसर थर बनतो, तो काळ्या थरापेक्षा फार कमी विरघळतो. अट एवढीच की पाणी खरोखर अतिशुद्ध हवं. क्षार असलेल्या पाण्यात तोच ऑक्सिजन पुन्हा खड्डे पाडतो. म्हणजे ‘ऑक्सिजन वाईट’ हे वाक्य खरं की खोटं? कुठल्या पाण्यात, हे सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सरी अणुवीजकेंद्रात ९ डिसेंबर १९८६ रोजी पाईपचा एक कोपर फाटला आणि चार कामगार गेले. कारण हीच झीज. त्यानंतर जगभर अशा पाईपांची जाडी मोजण्याचे नियम आले, जपानमध्येही आले. कुठले भाग तपासायचे याच्या याद्या झाल्या.

जपानच्या फुकुई प्रांतात मिहामा नावाचं अणुवीजकेंद्र आहे. त्याचा तिसरा संच १९७६ साली सुरू झाला. ९ ऑगस्ट २००४ च्या दुपारी तिथल्या टर्बाईन इमारतीत एक पाईप फुटला. हे अणुभट्टीतलं पाणी नव्हतं. टर्बाईनकडून परत येणारं, किरणोत्सारी नसलेलं पाणी होतं, सुमारे १४० अंशांचं. तिथे कामगार जमले होते, कारण पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, संच तपासणीसाठी बंद व्हायचा होता आणि त्याची तयारी चालली होती. अकरा जण भाजले. त्यांतले पाच वारले.

पाईप मूळचा १० मिलिमीटर जाडीचा होता. फुटला तिथे सर्वांत पातळ भाग राहिला होता ०.४ मिलिमीटर. पोस्टकार्डापेक्षा फार जाड नाही. पाण्याचा प्रवाह मोजायला पाईपमध्ये भोक असलेली एक चकती बसवलेली असते, तिच्या लगेच पुढचा हा भाग. म्हणजे भोवरे होणार हे ठरलेली जागा. दरवर्षी सरासरी अर्धा मिलिमीटरदेखील गेला नसेल. पण १९७६ पासून तो भाग एकदाही मोजला गेला नव्हता. का? तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. यादी करताना सुटलं होतं.

आता आपल्या घड्याकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, ‘इथे घडा नाही’ हे ज्ञान अनुपलब्धीने होतं, म्हणजे घडा न दिसण्याने. प्रतिपक्षी विचारतो, मग अंधाऱ्या खोलीत मला घडा दिसत नाही, तर तिथेही घडा नाही म्हणायचं का? मीमांसक म्हणतात, नाही. कुठलंही न दिसणं चालत नाही, योग्य न दिसणं हवं. योग्यानुपलब्धी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे हवेत, आणि आपण त्या बाजूला पाहिलेलं हवं. तरच न दिसण्यावरून ‘नाही’ म्हणायचा अधिकार मिळतो.

मिहामाच्या कागदांत त्या जागी दोष नोंदलेला नव्हता. पण तिथे उजेडच लावलेला नव्हता. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र हा इथला दिवा. पाईपला बाहेरून टेकवलं की आत किती जाडी उरली ते कळतं. तो दिवा तिथे कधी नेलाच नाही. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘तपासलं नाही’ ही दोन वाक्यं कागदावर सारखीच दिसतात, दोन्हीकडे रकाना कोराच. आणि यादी स्वतःत काय सुटलंय ते कधी सांगत नाही. ते सांगायला यादीबाहेरचं कुणीतरी लागतं, नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष पाईपबरोबर चालणारं.

तुम्ही म्हणाल, केमिस्ट रोज पाणी तपासतोच की! तपासतो. त्या पाण्यात अब्जावधी भागांत लोहाचे मोजके भाग निघतात, आणि आकडा मर्यादेत असतो. पण तो आकडा सगळ्या पाईपांचा मिळून असतो. हजारो मीटर पाईप उत्तम आणि एक हात लांबीचा तुकडा झिजतोय, हे त्यात बुडून जातं. दादा हेच सांगायचा, ‘माझ्या वहीत सगळं बरोबर असतं रे. पण पाईप वहीत नसतो.’ तेव्हा मला तो नम्रतेने बोलतोय असं वाटायचं. आज वाटतं, तो प्रमाणशास्त्र सांगत होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तो भाग यादीतून सुटलाय, हे २००३ मध्येच लक्षात आलं होतं. त्याची तपासणी पुढच्या बंद काळात, म्हणजे ऑगस्ट २००४ मध्ये करायचं ठरलं. ज्ञान झालं होतं, तारीखही ठरली होती. मधल्या काळात संच चालू राहिला, कारण इतकी वर्षं काही झालं नव्हतं. इतकी वर्षं काही झालं नाही, हीसुद्धा एक अनुपलब्धीच. पण योग्य नव्हे. झिजणारी वस्तू फुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘काही झालेलं नाही’ असंच दाखवते.

म्हणून ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला त्यांना सांगतो, हा काथ्याकूट उपयोगाचा आहे. घरी जिना, गॅसची नळी, आईवडिलांची तब्येत, कशाबद्दलही ‘काही प्रॉब्लेम नाही’ असं म्हणाल, तेव्हा स्वतःला एकदा विचारा : मी पाहिलं म्हणून नाही म्हणतोय, की पाहिलंच नाही म्हणून? उत्तर दुसरं असेल, तर दिवा घेऊन जा. आणि आजच जा. मिहामाला पाच दिवस उरले होते.

पुढच्या वेळी अर्थापत्ती घेऊ.