पिशवी आणि पाठीचा कणा

कार्तिक पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या येतात. मराठवाड्यातून, कर्नाटकातून भाविक दिवसेंदिवस पायी चालत येतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि पायांतलं रक्त हृदयाकडे वर ढकललं जातं. हाडांवर भार पडतो, तो त्यांना मानवतो आणि ती बळकट होतात. ही झाली चालण्याची देणगी. मात्र त्याच सुमारास जवळच्या मांजरसुंब्याच्या रस्त्याने ऊसतोड टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टरही साखर कारखान्यांकडे निघालेले असतात. त्यांत बसलेल्या बायांच्या शरीराचा हिशेब वेगळा आहे.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं हे स्थलांतर १९७२च्या दुष्काळानंतर फोफावलं. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं छाटून मोळी बांधते. मग डोक्यावर चुंबळ ठेवून तीसचाळीस किलोंची मोळी घेते आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. पहाटेपासून हेच चालतं. एक दिवस खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात.

या कामात शरीराची एकेक यंत्रणा दुसरीला कशी ओढत नेते, ते पाहण्यासारखं आहे. मोळी पेलताना पोटातला दाब वाढतो आणि तो ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर येतो. बाळंतपणानंतर विश्रांती न मिळालेले हे स्नायू सैलावतात आणि ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. फडात संडास नसतो, म्हणून बाई पाणी कमी पिते आणि लघवी अडवून धरते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पाळीत रक्त जातं आणि जेवणातून लोह पुरेसं मिळत नाही. तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. लोह नसेल तर तिथलं काम मंदावतं, स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि बाई लवकर दमते. दमलेल्या स्नायूंवरचा भार मणक्यांवर जातो. पाठदुखी, अंग बाहेर येणं आणि थकवा या तिन्ही तक्रारी एकाच कष्टातून आलेल्या असतात.

दवाखान्यात मात्र या सगळ्यावर एकच उपाय सांगितला गेला: गर्भाशयाची पिशवी काढून टाका. कॅन्सरची भीती घातली की बाई तयार होते. पाळी थांबली की खाडेही थांबतील, हा विचार घरातही होताच.

२०१९ साली हा प्रश्न वर्तमानपत्रांतून देशभर गेला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्हीकडचे वयोगट अगदी सारखे नसतील, तरी फरक डोळ्यांत भरतो. कित्येकींची शस्त्रक्रिया चाळिशीच्या आतच झाली होती आणि बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या होत्या.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी खाली येतं. हाड सतत झिजत आणि भरत असतं. झीज आवरणारं हे संप्रेरक आटलं की झीज भरणीपेक्षा पुढे जाते. अंडाशयं राखली तरी ती लवकर थकण्याचा धोका असतो. अशा बाईला पुढच्या हंगामात मोळी उचलायचीच असते. जिचे मणके ठिसूळ होत आहेत, तिच्याच डोक्यावर चाळीस किलो! मला या साऱ्यात सर्वांत अन्यायाचं वाटतं ते हे, की पाठदुखी घेऊन आलेल्या बाईच्या अंगातून तिच्या हाडांना जपणारंच काही काढून घेतलं गेलं.

२०१९ नंतर जिल्ह्यात पिशवीच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली आणि पुढच्या शस्त्रक्रियांना आळा बसू लागला. पण ज्यांच्या झाल्या त्यांचं काय? हंगामाआधी आणि नंतर तपासणी होते तेव्हा रक्तासोबत त्यांची हाडंही तपासायला हवीत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल तिथे औषध त्यांना गावातच मिळायला हवं. मोळीचं वजन कमी करणं आणि फडावर संडास उभारणं हे कारखान्यांच्या हातात आहे, आणि तेही आरोग्याचंच काम आहे.