ख्रिसमसला आपण 'नाताळ' का म्हणतो? गांधीजींच्या 'नाताळ'शी या शब्दाचे नाते काय?

डिसेंबर उजाडला की शाळेच्या फलकावर 'नाताळची सुट्टी' लागते आणि दुकानावर 'ख्रिसमस सेल'ची पाटी. 'ख्रिसमस' इंग्रजी आणि 'नाताळ' हे त्याचे शुद्ध मराठी भाषांतर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नाताळही परदेशीच. फक्त तो आधी आला आणि इथलाच होऊन गेला.

पोर्तुगीज भाषेत या सणाला 'नाताल' म्हणतात. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. मुंबईचा ताबा इंग्रजांना मिळाला तो १६६५ मध्ये. तोवर कोकण किनाऱ्यावर सणाचे पोर्तुगीज नाव पोहोचलेले होते. शेवटच्या 'ल'चा आपण 'ळ' केला इतकेच. पाद्री, क्रूस हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. तसेच पाव, चावी आणि बटाटाही! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सत्ता गेली, शब्द राहिले.

'नाताल'चे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माशी संबंधित. रोमन लोक तो कुणाच्याही वाढदिवसासाठी वापरत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी त्याला वेगळेच वळण दिले. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्याच्या मृत्युदिनाला ते त्याचा 'जन्मदिन' म्हणत, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला अशी त्यांची भावना होती. येशूचा जन्म २५ डिसेंबरला मानला जात असल्याची नोंद रोममधील इ.स. ३५४ च्या पंचांगात सापडते. इटालियन 'नाताले' आणि फ्रेंच 'नोएल' ही याच शब्दाची भावंडे. इतकेच नव्हे, तर लॅटिनमधील हा धातू आणि संस्कृतमधील 'जन्' यांचे मूळ एकच असल्याचे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे 'नाताळ' आणि आपला 'जन्म' हे दूरचे नातलगच!

'ख्रिसमस'चा अर्थ मात्र वेगळा. ख्रिस्ताचा 'मास', म्हणजे चर्चमधली मिस्सा. तिथे नाव उपासनेवरून पडले, इथे जन्मावरून. त्यामुळे 'नाताळ' हे 'ख्रिसमस'चे भाषांतर ठरत नाही. तरीही मराठीत लिहिताना नाताळच जवळचा वाटतो. चारेक शतके वापरात असलेल्या शब्दाला आता परका कोण म्हणणार?

आता गांधीजींचे 'नाताळ'. भारताच्या शोधात निघालेला वास्को द गामा १४९७ च्या नाताळात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून चालला होता. म्हणून त्या भूमीला 'नाताल' हे नाव पडले. इंग्रजीत त्याचा उच्चार 'नेटाल' होतो, मराठी पुस्तकांत मात्र अनेकदा 'नाताळ'च छापलेले आढळते. १८९४ मध्ये गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली ती याच प्रांतात. आज त्याचे नाव क्वाझुलू-नाताल आहे.

ब्राझीलमध्येही 'नाताल' नावाचे शहर आहे. त्याची स्थापना १५९९ मधली, अर्थातच २५ डिसेंबरची.