रंध्याची निवड आणि वापर : सीवूड्समधील सुतारकामाच्या संदर्भात

प्रस्तावना :
बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत नांगर, बैलगाडी आणि घराची चौकट घडविणाऱ्या सुताराचे स्थान महत्त्वाचे होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व पुढे खाडीलगत सीवूड्ससारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथील सदनिकांत प्लायवूड आणि लॅमिनेटचे काम वाढले. तथापि पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकू लागले, की आजही रंध्याचीच गरज भासते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य दिले जाते. ही मर्यादित रक्कम योग्य अवजारावर खर्च व्हावी, या दृष्टीने प्रस्तुत लेखात रंध्याच्या निवडीचा व वापराचा विचार केला आहे.

रंध्याची निवड :
निवडीचा मुख्य निकष म्हणजे तळाची लांबी. सुमारे ५५ सें.मी. लांबीचा रंधा खोलगट भागावरून पुढे सरकतो व केवळ उंचवटे कापतो; म्हणून लांब फळीची कड त्याने सरळ होते. सुमारे २४ सें.मी.चा रंधा पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी उपयुक्त ठरतो. सुमारे ३५ सें.मी.चा जॅक रंधा ही दोन्ही कामे बऱ्याच अंशी करतो. एका हातात मावणारा लहान रंधा फळीचे टोक व कोपरे साफ करण्यासाठी सोयीचा असतो. तळ सपाट आणि पाते घट्ट बसणारे असावे. केवळ किमतीवरून रंध्याची पारख होत नाही.

रंध्याचा वापर :
पात्याची धार साधारणतः २५ अंशांत घासून तिचे टोक ३० अंशांत परजतात. जाड कामासाठी रंध्याचे तोंड रुंद, तर अखेरच्या हातासाठी अरुंद ठेवावे. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने रंधा मारावा. उलट दिशेने मारल्यास तंतू उचकटतात. प्लायवूडमधील चिकट द्रव्यामुळे धार लवकर बोथट होते. त्यामुळे लॅमिनेटच्या कडेसाठी कानस वापरणे इष्ट.

लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. म्हणून अडकणाऱ्या दाराची प्रथम बिजागरी तपासावी. तिचे स्क्रू सैल झाल्यानेही दार खाली बसते. त्यानंतर चौकटीला खडू लावून दार बंद करावे व जेथे खडू उमटेल तेवढाच भाग पातळ थरांत रंधावा. जुलैमध्ये जास्त लाकूड काढल्यास फेब्रुवारीत फट पडते आणि काढलेले लाकूड परत जोडता येत नाही. फ्लश दाराच्या कडेची लाकडी पट्टी पातळ असल्याने तेथे विशेष दक्षता हवी. उघड्या पडलेल्या कडेला, तसेच दाराच्या वरच्या व खालच्या कडांना रंग अथवा वॉर्निश लावावे. अन्यथा तेथूनच ओलावा पुन्हा शिरतो.

निष्कर्ष :
एक जॅक रंधा, एक लहान रंधा आणि धार लावण्याचा चांगला दगड एवढ्या साधनांवर सदनिकांतील बहुतेक कामे होऊ शकतात. अवजारांची संख्या वाढविण्यापेक्षा धार राखणे व लाकडाचा स्वभाव ओळखणे अधिक मोलाचे आहे. कारागिरांच्या प्रशिक्षणात या दोन बाबींना अग्रक्रम मिळाल्यास साहाय्याच्या रकमेचे खऱ्या अर्थाने चीज होईल.