पिंजऱ्यातली रात्र

आमच्याकडे तिन्हीसांजेला कोंबड्या डालतात. बांबूचे डालगे उपडे टाकायचे, वर दगड ठेवायचा, की सकाळपर्यंत काळजी नाही. अंधार पडला की कोंबडी गप्प बसते, हे अकोले तालुक्यातल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. अडचण एवढीच, की हाच नियम आता घरात टांगलेल्या पिंजऱ्यांनाही लावला जातो. राजूर हे बाजाराचे गाव. अलीकडे पेठेतल्या घरांत, नोकरदारांच्या खोल्यांत रंगीत पक्ष्यांचे पिंजरे दिसू लागले आहेत. रात्री जेवणे आटोपली की पिंजऱ्यावर गोधडी टाकायची, पक्षी 'डालला'. मग एखाद्या रात्री त्या गोधडीखाली एकाएकी धडपड सुरू होते. सकाळी पाहावे तर तळाशी पिसे, गजांवर रक्ताचे शिंतोडे आणि कोपऱ्यात पंख लोंबकळत बसलेला पक्षी. कुणी म्हणते मांजर आले असेल, कुणी म्हणते दृष्ट लागली. पुष्कळदा पिंजऱ्यापर्यंत कुणीच आलेले नसते. पक्षी गजांवर स्वतःच आपटलेला असतो.

पक्षी पाळणारे जगभर याला 'नाइट फ्राइट' म्हणतात. माझ्या वहीत मी त्याला 'रात्रीची फडफड' असे लिहीत आले आहे. मी पक्षिशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकलेली नाही. वाचून, लोकांच्या घरचे पिंजरे पाहून आणि विचारून जे हाती लागले ते इथे मांडते. दिवाळी तोंडावर असताना ते मांडलेले बरे.

आधी हे पक्षी कोण, ते पाहू. आपल्या बाजारात ज्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्याकडे विकला जातो तो बजरीगर, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचा छोटा पोपट. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये त्याची जिवंत जोडी इंग्लंडला नेली आणि तिथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. डोक्यावर तुरा असलेला कॉकाटीलही ऑस्ट्रेलियाचाच, आणि रात्रीच्या फडफडीसाठी सगळ्यांत बदनाम तोच. आपला देशी पोपट, मग तो कीर असो, पहाडी असो की तुईया, पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबांच्या वेळेपासून घरात राघू आहे, ही सबब चालत नाही. असा पक्षी घरात असेल तर तो वनखात्याकडे द्यावा. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम आभाळात सोडून देणे ही भूतदया नव्हे. बजरीगरच्या बाबतीत तर ती त्याला मारण्याचीच रीत आहे.

आता कोंबडीचा नियम याला का लागू पडत नाही ते पाहू. कोंबडी भ्याली तर अंधारात जमिनीला चिकटून दबून बसते. डालग्यात तिच्या अंगाला अंग लावून दुसऱ्या कोंबड्या असतात, आणि बांबूच्या फटींतून थोडा उजेड, थोडा वारा येतच असतो. बजरीगर आणि कॉकाटील हे थव्याने फिरणारे माळरानी पक्षी. संकटाची शंका आली की अख्खा थवा एका झटक्यात उडतो. आधी उडायचे, मग काय झाले ते पाहायचे, हा त्यांचा स्वभाव. मोकळ्या माळावर याच स्वभावाने जीव वाचतो. दीड फुटाच्या पिंजऱ्यात तोच स्वभाव पंख मोडतो.

त्यात डोळ्यांची भर. हे दिवसाचे पक्षी. रंग पाहण्यात त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तरबेज, पण मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी त्यांच्या नेत्रपटलात कमी. काळोखात दचकून उडालेल्या पक्ष्याला दांडी कुठे, गज कुठे, काही दिसत नाही. तो आपटतो, आपटल्याने आणखी घाबरतो, पुन्हा उडतो. म्हणून माझे म्हणणे असे की पहिला दचका फारसा जीवघेणा नसतो. परत बसायची जागा दिसत नाही, हे जीवघेणे असते.

मोकळ्या पक्ष्यांचेही याहून वेगळे होत नाही. 31 डिसेंबर 2010 च्या रात्री अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या बीबी या गावात हजारो ब्लॅकबर्ड रस्त्यांवर आणि छपरांवर मरून पडले. नववर्षाच्या फटाक्यांनी ते झोपेतून उठले आणि अंधारात घरांवर, झाडांवर आदळले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हवामानाच्या रडारवरची नोंद प्रसिद्ध केली: मध्यरात्री आतषबाजी सुरू होताच पाणथळ जागांवरचे हजारो पक्षी उठतात आणि पाचशे मीटर उंचीपर्यंत जातात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ते पाचशे मीटर नसतात.

मग रात्रभर ट्यूबलाइट चालू ठेवावी काय? तेही नाही. शिकागो विद्यापीठातल्या सोफिया कॅनाव्हान आणि डॅनियल मार्गोलियाश यांनी 2020 मध्ये बजरीगरच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. या एवढ्याशा पक्ष्याच्या झोपेत आपल्यासारखेच गाढ झोपेचे आणि डोळे हलणाऱ्या झोपेचे टप्पे असतात, आणि उजेड सतत राहिला की ती झोप विस्कटते, असे त्यांना आढळले. त्याआधी 1999 मध्ये नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी बदकांवर दाखवले होते, की रांगेच्या कडेचे बदक एक डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने झोपते, आणि तो उघडा डोळा बाहेरच्या, म्हणजे धोक्याच्या बाजूला असतो. चारी बाजूंनी उघड्यावर टांगलेल्या पिंजऱ्यातला एकटा पक्षी या कडेच्या बदकासारखाच. त्याला एक बाजू तरी बिनघोर हवी.

यातूनच मार्ग निघतो. पिंजऱ्याची एक बाजू, जमल्यास दोन, भिंतीला लावावी. वर सुती, सच्छिद्र कापड टाकावे, गोधडी नको. धागे सुटलेले कापड तर नकोच, पक्ष्याची नखे त्यात अडकतात. समोरची बाजू वीतभर उघडी ठेवावी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला झिरोचा बल्ब असावा. दांडीची सावली ओळखू येईल एवढाच उजेड, जास्त नाही. झोपायच्या वेळी झोका, घंटी, आरसा काढून ठेवावा. दिवसा तो खेळ, रात्री आपटायचे सामान. रोज दहा-बारा तास शांतता मिळावी. टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही.

आमच्या गावात यात एक फाटा फुटतो तो विजेचा. पावसाळ्यात वीज जाते, झिरोचा बल्बही जातो, आणि नेमके तेव्हाच पत्र्यावर सरींचा ताशा चालू असतो. संध्याकाळी अचानक काळोख झाला तर दांडीवर न पोहोचलेला पक्षी तळाशीच राहतो आणि तिथून रात्रभर धडपडतो. म्हणून आपोआप लागणारा चार्जिंगचा छोटा दिवा पिंजऱ्याच्या खोलीत असू द्यावा. उन्हाळ्याच्या शेवटी आणखी एक त्रास होतो. भंडारदऱ्याला काजवे पाहायला निघालेल्या गाड्या राजूरवरून जातात आणि त्यांच्या दिव्यांचे झोत रस्त्याकडेच्या खिडक्यांतून भिंतीवर धावतात. काजव्यासारखा नाजूक उजेड पाहायला माणसे एवढे भगभगीत दिवे लावून का जातात, हा वेगळा लेख होईल. पिंजरा तेवढा खिडकीपासून दूर ठेवावा.

भीती प्रत्येक वेळी खोटी असते असेही नाही. सांडलेल्या राळ्या-बाजरीला उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. धामण, तस्कर, रात्री फिरणारा मांजऱ्या, सगळे आपल्या भागात आहेत आणि भिंतीवर, खांबावर सहज चढतात. गजांतले अंतर जास्त असेल तर साप आत शिरतो, पक्षी गिळतो आणि फुगलेल्या पोटामुळे बाहेर निघू शकत नाही. बजरीगरच्या पिंजऱ्याच्या गजांत अर्ध्या इंचाहून जास्त फट नसावी. तळाचा ट्रे संध्याकाळी झाडावा, उरलेले धान्य डब्यात झाकावे. एवढ्याने रात्रीच्या निम्म्या खुडबुडी बंद होतात, असा माझा अनुभव आहे.

धूर हा मात्र आवाज न करणारा वैरी. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यामुळे झटपट मिळतो; विषही तितक्याच झटपट भिनते. जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या सूचनेवरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत असत, कारण कार्बन मोनॉक्साइडने माणसाआधी पक्षी कोसळे. ही प्रथा 1986 पर्यंत टिकली. आपण थंडीत बंद खोलीत पेटती शेगडी ठेवतो, डासांची कॉइल लावतो, आणि पक्षी सकाळी मेला तर थंडीला दोष देतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी दगावतो. पिंजरा स्वयंपाकघरात नको तो यासाठी.

दिवाळीत आवाज, झगमगाट आणि धूर तिन्ही एकत्र येतात. फटाक्याला चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. गल्लीत ती कितपत पाळली जाते ते वाचक जाणतातच. पिंजरा आतल्या खोलीत न्यायचा तर वसुबारसेच्या आठवडाभर आधीच न्यावा. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री हलवला तर नवी जागा हीच नवी भीती. त्या दिवशी खाणे लवकर द्यावे, दारे-खिडक्या लावाव्यात, फटीत ओले फडके कोंबावे. पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात आधीपासून चालू असला की बाहेरचा धमाका एकदम अंगावर येत नाही. दिवा मात्र त्या रात्री विसरू नये.

तरीही फडफड झालीच, तर धावत जाऊन हात घालू नये. आधी बाहेरूनच नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारावी, मग मंद दिवा लावावा आणि पक्षी दांडीवर येईपर्यंत थांबावे. त्यानंतर रक्त आहे का ते पाहावे. कोवळ्या, वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असते. ते मोडले तर थेंब-थेंब गळत राहते. बजरीगरचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम, अंगात रक्त जेमतेम तीन मिलिलिटर. आपल्याला क्षुल्लक वाटणारे आठ-दहा थेंब त्याला भारी पडतात. जखमेवर मक्याचे पीठ लावून स्वच्छ कापसाने हलके दाबावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टर गाठावा. इथला जनावरांचा दवाखाना डांगी गाई-बैलांना सरावलेला, पक्ष्यांसाठी बहुधा नाशिक-पुणे गाठावे लागते. तेव्हा पक्ष्यांचा डॉक्टर कोण आणि त्याचा फोन काय, हे दिवाळीआधीच लिहून ठेवलेले बरे. आपटलेला पक्षी पुढच्या एक-दोन रात्री वरच्या दांडीवर जायला कचरतो. त्याला हुसकावून वर चढवू नये, दांडीच खाली घ्यावी.