श्वासाचा ताळेबंद

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या इंदूरच्या शाखेचे रूप पालटते. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग सकाळपासूनच लागते. हातात काठी, अंगात स्वेटर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले पासबुक. शाखेच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. त्या चढून आल्यावर कुणी खांबाला टेकते, कुणी दिसेल ती पहिली खुर्ची गाठते. पाण्याचा पेला पुढे केला की कधी मराठीत, कधी हिंदीत एकच उत्तर येते, ‘वय झालं, दुसरं काय!’

हे उत्तर मी अनेक वर्षे खरे मानीत आले. माझ्या आईच्या बाबतीतही तेच मानले आणि ती चूक आम्हांला महाग पडली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची आणि ती निस्तरताना शिकलेल्या धड्यांची एक नोंद आहे.

वडिलांच्या पश्चात आई माझ्याकडे राहते. २०२२ च्या हिवाळ्यात एका सकाळी तिची नेहमीची चप्पल तिच्या पायात जाईना. घोट्यापाशी बोटाने दाबले तर खळगा पडे आणि तो बराच वेळ तसाच राही. त्याआधी दोन वर्षे तिला खोकला होता, चालताना दम लागत होता. दर खेपेस खोकल्याची एक बाटली आणायची आणि ‘थंडी बाधली’ म्हणायचे, असा आमचा परिपाठ होता. पाय सुजल्यावर मात्र ‘हृदयाचेच काहीतरी’ या भीतीने आम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे धावलो. त्यांनी इको केला आणि म्हणाले, “हृदयाची उजवी बाजू फुगली आहे. पण दुखणे हृदयात सुरू झालेले नाही. यांची फुफ्फुसे तपासा.”

दुसऱ्या दिवशी आईने एका यंत्राच्या नळीत जोराने श्वास सोडला. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छातीत भरून घेतलेल्या हवेपैकी किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडते, हे त्यात मोजतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले, तर श्वासमार्ग कायमचा अरुंद झाला आहे असे समजतात. आईचे प्रमाण ४८ टक्के आले. निदान झाले, सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वसनमार्गात दीर्घकाळ राहणारा अडथळ्याचा विकार.

माझा पहिला प्रश्न होता, “पण डॉक्टर, आईने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही!” त्यांनी शांतपणे विचारले, “आणि चूल?”

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आईने तीस-पस्तीस वर्षे चुलीपुढे काढली. शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओले जळण आणि हातात लोखंडी फुंकणी. स्वयंपाकघराला एक झरोका, तोही पावसाच्या भीतीने बहुधा बंद. हा रोग केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नाही, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील लेखात ठळकपणे मांडले होते. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, बालपणीचे श्वसनाचे आजार, जुना क्षयरोग ही सारी कारणे त्यात येतात. भारतात १९९० मध्ये सी.ओ.पी.डी.चे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या सुमारे ५ कोटी ५३ लाखांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३५ लाख माणसे या रोगाने दगावली. इतका मोठा आकडा आणि तरी आपल्या बोलीत या रोगाला एक सोपे नावही नाही! आपण त्याला ‘दमा’ म्हणतो, नाहीतर ‘वय’.

फुफ्फुसातला रोग हृदयापर्यंत कसा पोहोचला, हे कोडे मला उलगडत नव्हते. डॉक्टरांनी ते कागदावर चित्र काढून समजावले. फुफ्फुसात काही कोटी वायुकोश असतात. हवेतील प्राणवायू तेथे रक्तात उतरतो. ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, त्या भागातील रक्तवाहिन्या आपोआप आकुंचन पावतात. तेथे रक्त पाठवणे व्यर्थ, ते हवा खेळती असलेल्या भागाकडे वळावे, अशी ही शरीराची काटकसर. स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये ही यंत्रणा दाखवून दिली. एखाद्या कोपऱ्यापुरती ही काटकसर हिताचीच असते. परंतु बिघाड साऱ्या फुफ्फुसांत पसरला की जागोजागी वाहिन्या आवळल्या जातात, काही वायुकोशांबरोबर नष्टही होतात आणि रक्ताचा एकंदर मार्गच अरुंद होतो.

त्या अरुंद मार्गातून रक्त ढकलण्याचे काम हृदयाच्या उजव्या कप्प्याचे. डावा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, १२० च्या आसपास दाब निर्माण करतो आणि त्याची भिंतही जाड असते. उजव्याला मात्र २५ च्या आसपास दाब पुरतो, म्हणून त्याची भिंत पातळ. दाब वर्षानुवर्षे वाढत राहिला की हा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो आणि अखेर थकतो. पुढे जाऊ न शकलेले रक्त मागे साचते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत जड होते, पायांवर सूज येते. प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी वाढवते. त्यामुळे रक्त दाट होते आणि हृदयाचे ओझे आणखी वाढते. या अवस्थेला डॉक्टर ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. आईची चप्पल पायात न जाण्यामागे एवढी मोठी साखळी होती.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हिशेबाच्या भाषेत सांगितले की लवकर कळते. वयाच्या तिशीनंतर निरोगी माणसाचीही फुफ्फुसाची क्षमता दरवर्षी सुमारे ३० मिलिलिटरने घटते. हा झाला नेहमीचा घसारा. धूर मानवत नाही अशांच्या बाबतीत त्याचा दर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. इंग्लंडमधील फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांविषयी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. धूम्रपान सोडल्याने गेलेले भांडवल परत येत नाही, पण घसाऱ्याचा दर पुन्हा नेहमीच्या पातळीकडे येतो. म्हणजे पुस्तकातील मागील तूट तशीच राहते, पण पुढची वर्षे वाचवता येतात. रोज सिगारेट ओढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हा हिशेब मी आवर्जून सांगते.

उपचारांची सुरुवात इनहेलरपासून झाली. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य शेजारच्या तीन घरांतून आले. वस्तुस्थिती अशी की इनहेलरमधील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून गोळीच्या मानाने फारच थोड्या मात्रेत काम भागते. इनहेलर घेण्याची रीत मात्र नीट शिकावी लागते. पायांची सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारे औषध सुरू झाले आणि जेवणातले मीठ बेताचे झाले. लोणचे-पापड पानातून गेले, तेव्हा आई म्हणाली, “अगं, मग जेवण कशाला म्हणायचं?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. लिंबू, कोथिंबीर आणि भाजलेल्या जिऱ्यावर आम्ही तडजोड केली. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकॉकस यांच्या प्रतिबंधक लसी दिल्या, कारण अशा रुग्णाला साधा फ्लूही रुग्णालयात पोहोचवू शकतो.

तरीही विश्रांतीच्या वेळी आईच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८६-८७ टक्क्यांच्या वर जाईना. काही आठवडे वाट पाहून, धमनीतील रक्त पुन्हा तपासून डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन घेण्यास सांगितले, दिवसाकाठी किमान पंधरा तास, रात्र धरून. हा आकडा कोठून आला, हे मी विचारले. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने ८७ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज पंधरा तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या चाचणीतही जितके तास अधिक, तितके आयुष्य अधिक, असे दिसले होते. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू विश्रांतीतही फार कमी असतो, अशांसाठीच हा उपाय आहे. प्रत्येक धाप लागणाऱ्यासाठी नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. हे यंत्र सुमारे ३५० वॉट वीज घेते. सोळा तास धरले तर दिवसाला साडेपाच युनिटांच्या वर आणि महिन्याला १७० च्या आसपास. घरखर्चात ही तरतूद करावीच लागली. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून एक भरलेला सिलिंडरही ठेवला. देवघरातील समई आईच्या खोलीपासून दूर हलवली, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत धोक्याची. आणखी एक धडा मिळाला तो माझ्या उतावळेपणातून. एका रात्री आईला दम लागला म्हणून मी प्रवाह दीड लिटरवरून चार लिटर केला. सकाळी ती डोके दुखते म्हणाली आणि दिवसभर पेंगत राहिली. अशा रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. डॉक्टरांनी मला चांगलेच सुनावले. ८८ ते ९२ टक्के हेच आईचे लक्ष्य, शंभर नव्हे. अधिक म्हणजे उत्तम, हा ठेवींचा नियम येथे लागू पडत नाही.

पुढचा टप्पा होता व्यायामाचा. धाप लागते म्हणून माणूस चालणे सोडतो. न चालल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्याशा श्रमानेही अधिक धाप लागते. हे चक्र तोडण्यासाठी आठ आठवड्यांचे फुफ्फुस-पुनर्वसन सुरू झाले. पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने आईला शिकवले, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू, लांबवर सोडायचा. असे केल्याने श्वासनलिका थोडा अधिक वेळ उघड्या राहतात आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. आईने एकदा करून पाहिले आणि हसून म्हणाली, “ही तर फुंकणी गं!” माझ्या डोळ्यांत पाणी आले. ज्या क्रियेने तिने तीस-पस्तीस वर्षे चूल पेटवली आणि धूर गिळला, तीच क्रिया आता तिला श्वास मिळवून देणार होती. आठ आठवड्यांनी सहा मिनिटांत ती १८० मीटरऐवजी २३० मीटर चालू लागली. पन्नास मीटर म्हणजे आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंतचे अंतर.

एक गोष्ट मात्र सोडून द्यावी लागली. माझ्या एल.एफ.सी.वर आईला केदारनाथ दाखवायचे, असे मी नोकरीला लागले तेव्हाच ठरले होते. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथील हवेत दर श्वासागणिक सुमारे एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो आणि फुफ्फुसाच्या वाहिन्या अधिकच आवळतात. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. आई दोन दिवस फारसे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, “जगन्नाथ तर समुद्रावर आहे ना? मग तिकडं जाऊ. देव काय फक्त डोंगरावरच बसतो?” बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र भाड्याने घेऊन आम्ही रेल्वेने पुरीला जाऊन आलो. चाकाच्या खुर्चीत बसून तिने समुद्र पाहिला, जन्मात प्रथमच. केदारनाथाची हळहळ संपली, असे मी म्हणणार नाही. पण तो विषय काढला की ती आता पुरीच्या लाटांवर बोलू लागते.

वाचकहो, आपल्या घरात चाळिशी ओलांडलेले कुणी दोन-तीन महिने खोकत असेल, जिना चढताना मध्येच थांबत असेल, धुरात किंवा धुळीत आयुष्य घालवलेले असेल, तर ‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. निदान झालेल्या रुग्णाच्या पायांवर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, ओठ निळसर झाले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर एक दिवसही दवडू नका. नोव्हेंबरातील तिसरा बुधवार हा जागतिक सी.ओ.पी.डी. दिन असतो. योगायोग असा की तो आपल्या हयातीच्या दाखल्यांच्याच महिन्यात येतो.

आणि माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. सत्तरीपुढील आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच दिल्या आहेत. ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा ओळखूनही दाखला देता येतो. पायऱ्यांपाशी थांबलेल्या वृद्धाला हे कुणीतरी सांगायला हवे. ते आपणच सांगू.

गेल्या नोव्हेंबरात आईचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला मी घरीच मोबाइलवर काढला. क्षणभर नाकातील नळी बाजूला केली, पदर सारखा करून आई ताठ बसली आणि सांगितल्याप्रमाणे तिने डोळ्यांची उघडझाप केली. दाखला मिळाल्याचा संदेश आला. “झालं?” तिने विचारले. “झालं,” मी म्हटले. “मग नळी लाव आणि चहा टाक. तुझा बँकेचा वेळ झाला.”