छापखाना खिशात, तोही फुकटात!

कसारा लोकलने टिटवाळा सोडलं की पुढचं स्टेशन खडवली. भातसा नदी, भाताची खाचरं, सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवलीहून नदीवर येणारी मंडळी आणि रोज पहाटे लोकल गाठणारे चाकरमानी, असं हे गाव. इथल्या मंडळाला गणपतीची निमंत्रणपत्रिका हवी असते, बचत गटातल्या ताईंना पापडाच्या पाकिटावर लावायला लेबल हवं असतं, शाळेतल्या पोरांना प्रकल्पासाठी व्हिडिओ हवा असतो. पूर्वी अशा कामांसाठी कल्याण गाठावं लागे. आता ही सगळी कामं मोबाईलवर, एक पैसा न देता होतात. त्यातली काही अ‍ॅप्स तर इथून जवळच, मुंबईत मराठी माणसांनी घडवली आहेत.

बोट ठेवा, चक्र उघडेल

लिहायला बसलं की पहिला अडथळा मराठी टायपिंगचा. पवईला आयआयटी मुंबईचा आयडीसी हा डिझाइन विभाग आहे. तिथल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘स्वरचक्र’ नावाचा मोफत कीबोर्ड काढला. पटावर अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने, म्हणजे क ख ग घ ङ अशीच लावलेली. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती गोल चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी दिसते. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवलं की काम झालं. जोडाक्षर हवं असेल तर चक्रातला ‘क्’ निवडा. लगेच सगळा पट बदलतो आणि क्त, क्य, क्ष अशी जोडाक्षरं तयार होऊन समोर येतात. ज्याने पहिलीत पाटीवर बाराखडी गिरवली, त्याला हा कीबोर्ड शिकवावा लागत नाही. माझ्या मते आजी-आजोबांच्या मोबाईलमध्ये टाकण्याचं पहिलं अ‍ॅप हेच.

टायपायचाच कंटाळा असेल तर गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डचा माइक दाबा आणि बोला. गूगलने बोलून टायपिंगची सोय मराठीत ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. स्वल्पविराम आणि परिच्छेद नंतर हाताने घालावे लागतात, पण आईने सांगितलेली पाककृती किंवा सभेचा वृत्तान्त उतरवायला यापेक्षा झटपट मार्ग नाही.

मोदक खायचा, मोदक लिहायचाही

टिटवाळ्याचा महागणपती खडवलीपासून एका स्टेशनावर, तेव्हा निमंत्रणपत्रिकेचा विषय इथे जिव्हाळ्याचा. त्यासाठी कॅनव्हा घ्या. याची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झाली. मेलनी पर्किन्स या तरुणीने २००७ मध्ये शाळांची वार्षिकं घरबसल्या तयार करता यावीत म्हणून एक छोटी कंपनी काढली, आणि त्याच कल्पनेतून २०१३ मध्ये कॅनव्हा उभं राहिलं. शाळेच्या वार्षिकासाठी सुचलेली युक्ती आज लग्नपत्रिकेपासून दहीहंडीच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे चालते आहे.

आता खरी गंमत. मुंबईत ‘एक टाइप’ नावाचा अक्षररचनाकारांचा गट आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला त्यांचा एक देवनागरी फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की त्याचं नावच ‘मोदक’ ठेवलंय! अक्षरं फुगून एकमेकांना खेटलेली, मधल्या फटी जेमतेम रेघेएवढ्या. शीर्षकाला तो लावला की पत्रिका लांबूनच ओळखू येते. खालच्या मजकुराला मात्र मोदक लावू नका, वाचताना डोळे दमतात. तिथे त्याच गटाचा ‘मुक्त’ घ्या. हा साधा, स्वच्छ आणि बारीक आकारातही सुवाच्य राहतो. हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे पत्रिकेवर, लेबलवर, दुकानाच्या पाटीवर कुठेही विनामूल्य वापरा.

कॅनव्हात एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या चित्रावर छोटा मुकुट दिसतो ते पैसे भरणाऱ्यांसाठी असतं. बिनमुकुटाच्या चित्रांतही मोठा खजिना आहे.

रील काढा, पण रुळांपासून लांब

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉक तर गेलंच, पण कॅमस्कॅनर आणि शेअरइट या रोजच्या वापरातल्या गोष्टीही गेल्या. त्यांच्या जागी आज काय, हा प्रश्न अजून विचारला जातो.

व्हिडिओ कापायला-जोडायला यूट्यूब क्रिएट घ्या. हे २०२३ मध्ये आलं. त्यात वापरायला मोकळं असलेलं संगीत मिळतं, त्यामुळे दुसऱ्याचं गाणं लावल्याची तक्रार येत नाही. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाचं ‘एडिट्स’ एप्रिल २०२५ मध्ये आलं. त्याचं वैशिष्ट्य असं की तयार व्हिडिओवर कोपऱ्यात कुणाचा शिक्का बसत नाही.

काही व्हिडिओ अ‍ॅप्समध्ये मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. उपाय सोपा आहे. शीर्षक कॅनव्हात करा, चित्र म्हणून जतन करा आणि ते व्हिडिओवर ठेवा. अक्षर जसंच्या तसं राहील.

आणि रुळांवर उभं राहून रील काढणाऱ्यांना एकदा खडसावून सांगा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पावसाळ्यात रीलसाठी भातसेच्या पाण्यातही उतरू नका. काठावरून पुरेसं छान दिसतं.

तारा पुसणारं बोट

फोटोसाठी स्नॅपसीड. २०११ मध्ये आयपॅडसाठी निघालं, २०१२ मध्ये गूगलने त्याची कंपनीच विकत घेतली आणि अ‍ॅप मोफत केलं. जाहिरात नाही. ‘हीलिंग’ साधन निवडून आकाशातल्या विजेच्या तारेवर बोट फिरवा, तार पुसली जाते.

वहीची पानं उडण्याआधी

बचत गटाचं रजिस्टर, मंडळाचं जमाखर्चाचं पुस्तक, सोसायटीची जुनी इतिवृत्तं. कोकणपट्ट्यातल्या दमट हवेत आणि पावसाळ्यात कागद फार काळ साथ देत नाही. कॅमस्कॅनर गेलं तरी गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनर आहे. कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा, पान समोर धरा, कडा तो स्वतः ओळखतो, सावली काढतो आणि पीडीएफ बनवतो. एकामागून एक पानं घेत गेलात तर सगळं रजिस्टर एकाच फाइलमध्ये येतं. फाइलला नाव मात्र नीट द्या. ‘स्कॅन ००१’ असं ठेवलं तर पुढच्या वर्षी ती सापडणार नाही. आधी वर्ष, मग विषय: ‘२०२५ महिला बचत गट जमाखर्च’. असं केलं की यादी आपोआप क्रमाने लागते.

छापील मजकूर पुन्हा टायपायचा असेल तर टायपू नका. गूगल लेन्स उघडा, कागदावर धरा, मजकूर निवडून कॉपी करा. छापील देवनागरी तो चांगली वाचतो.

बारीकसारीक नोंदींसाठी गूगल कीप. लग्नघरातल्या सामानाची यादी त्यात करा आणि काका, मावशी, भाऊ सगळ्यांना जोडा. एकाने नारळ आणल्यावर खूण केली की सगळ्यांच्या मोबाईलवर ती ओळ खोडलेली दिसते. नारळ दोनदा येत नाहीत!

१५ जीबीचा हिशेब

गूगल फोटोजमध्ये एके काळी कितीही फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून १५ जीबी मिळतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा भरली की मेलसुद्धा येईनासे होतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमधले सुप्रभाताचे व्हिडिओ दर महिन्याला साफ करा. ‘फाइल्स बाय गूगल’ हे अ‍ॅप मोठ्या आणि दुबार फाइल्स शोधून समोर ठेवतं.

पाठवायचं तर पुरतं पाठवा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो आकसतो. पत्रिका छपाईला द्यायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते. समोरासमोर असाल तर क्विक शेअर वापरा. त्याला इंटरनेट लागत नाही. नदीवर काढलेले फोटो घरी परतायच्या आत सगळ्यांकडे पोचतात, डेटा एक थेंबही न जाळता.

पिकाचा फोटो सातबाऱ्यावर

मोबाईलवर फोटो काढून पाठवणं हे फक्त हौशी लोकांचं काम राहिलेलं नाही. महाराष्ट्र शासनाचं ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करत. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून गट क्रमांक निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, फोटो काढतो. फोटोबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही जातात. पीकविमा असो, नुकसानभरपाई असो की पीककर्ज, ही नोंद कामाला येते. खडवलीच्या खाचरातला भात त्याच्या मालकाच्या हाताने सरकारदरबारी नोंदला जातो, ही मला या सगळ्या यादीतली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. घरातल्या कॉलेजच्या मुलीने बाबांच्या मोबाईलमध्ये हे अ‍ॅप टाकून द्यावं आणि पहिल्या वेळी बरोबर शेतावर जावं.

आजीचा आवाज जपा

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहात त्या आज कुणालाही मोफत ऐकता, वाचता येतात. त्या काळी यासाठी टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी घेऊन गावं पालथी घालावी लागली. आज तेच काम मोबाईलमधल्या साध्या रेकॉर्डरवर होतं.

पद्धत अशी ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही. पंखा बंद करा. फोन हातात न धरता आजीजवळ घडीच्या कापडावर ठेवा. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख मोठ्याने बोला, आणि रेकॉर्ड करतोय हे तिला सांगून तिची परवानगी घ्या. ओवी संपल्यावर लगेच बंद करू नका. ती कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, हे ती त्यानंतरच सांगते, आणि ते बहुधा ओवीइतकंच मोलाचं असतं. कल्याण-शहापूर पट्ट्यातल्या आगरी, कुणबी, वारली, ठाकर, कातकरी घरांमधली गाणी अशा रीतीने जपायला आजच्याइतकी सोपी वेळ कधी नव्हती.

वाचायला आणि छापायलाही

खडवलीहून सीएसएमटीपर्यंत लोकलने दीड तास तरी लागतोच. गाडीची वेळ एम-इंडिकेटरवर बघायची. सचिन टेके यांचं हे अ‍ॅप मुंबईकरांच्या हाती २०१० पासून आहे आणि वेळापत्रक इंटरनेटशिवायही दाखवतं. मग वाचायला ‘ई साहित्य प्रतिष्ठान’. ठाण्यातून चालणारा हा उपक्रम मराठी पुस्तकं पीडीएफ करून विनामूल्य देतो. कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. त्या शहराच्या शेजारी ही परंपरा मोबाईलवर आली याचा मला मनापासून आनंद आहे. स्वतःची कथा छापायची असेल तर ‘प्रतिलिपी’ हे २०१४ पासून चालू असलेलं अ‍ॅप आहे. मराठीत लिहा, भाग पाडून प्रकाशित करा, वाचक खाली प्रतिक्रिया देतात.

आपल्या गावाचा फोटो जगाला

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच. त्यातले फोटो येतात विकिमीडिया कॉमन्समधून, आणि त्याचं अँड्रॉइडवर मोफत अ‍ॅप आहे. त्यात ‘जवळपास’ असा नकाशा असतो. आपण उभे आहोत तिथल्या आसपासच्या कोणत्या ठिकाणांना अजून फोटो नाही, हे तो खुणा करून दाखवतो. कल्याणहून वाशिंदपर्यंत रूळ १८५५ मध्ये पडले. इतक्या जुन्या मार्गावरची मंदिरं, घाट, पूल, शाळा यांचे चांगले फोटो बाहेरचा कुणी येऊन काढेल याची वाट का बघायची? इथे राहणाऱ्याला नदीवर सकाळचं ऊन कधी पडतं हे ठाऊक असतं, आणि पहिल्या पावसानंतर डोंगर कोणत्या बाजूने हिरवा दिसतो हेही.

नदीकाठी जाताच तर मर्लिनही बरोबर असू द्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षी प्रयोगशाळेचं हे मोफत अ‍ॅप २०२१ पासून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखू लागलं. आधी घरी भारताचा संच उतरवून घ्या, मग जंगलात नेटवर्क नसलं तरी चालतं. टिटवी ओरडली की नाव पडद्यावर उजळतं. मुलं तर हरखून जातात.

कॉमन्सवर फोटो टाकताना तीन गोष्टी पाळा. फोटो स्वतः काढलेला असावा, कारण एकदा टाकला की तो जगातल्या कुणालाही वापरता येतो आणि परवाना मागे घेता येत नाही. कुणाचा चेहरा ठळक येत असेल तर आधी विचारा. आणि वर्णन मराठीतच लिहा: ‘भातसा नदी, खडवली, ता. कल्याण, जि. ठाणे’, पुढे महिना आणि वर्ष.